इंग्रजी शब्दांचा अर्थ इंग्रजीतच का वाचावा? शब्दकोश कसा वापरायचा, जाणून घ्या

बेळगाव : ‘बॉरो’ म्हणजे उसने आणि ‘लेंड’ म्हणजेही उसने. अनेक विद्यार्थ्यांच्या वहीत या दोन्ही शब्दांपुढे एकच मराठी शब्द असतो. मग अर्जात ‘आय वॉन्ट टू लेंड मनी फ्रॉम द बँक’ असे वाक्य येते. कर्ज हवे असते अर्जदाराला, पण ‘लेंड’ लिहिल्याने तोच कर्ज द्यायला निघाल्यासारखे होते.

सोपी इंग्रजी व्याख्या हा घोळ थांबवते. बॉरो : टू टेक समथिंग अँड गिव्ह इट बॅक लेटर. लेंड : टू गिव्ह समथिंग दॅट यू वॉन्ट बॅक लेटर. एकात घेणे, दुसऱ्यात देणे. जोडीला उदाहरण हवेच : ‘आय बॉरोड टू हंड्रेड रुपीज फ्रॉम माय अंकल’, ‘माय अंकल लेंट टू हंड्रेड रुपीज टू मी’. कुठे फ्रॉम आणि कुठे टू, हे वाक्यच सांगून जाते.

परराज्यातल्या मराठी मुलांची अडचण

महाराष्ट्राबाहेर बाजारात मिळणारी शब्दार्थाची पुस्तके बहुधा तिथल्या राज्यभाषेतली असतात. इंदूर, ग्वाल्हेरच्या मराठी मुलाने ‘एज्युकेशन म्हणजे शिक्षा’, ‘अटेम्प्ट म्हणजे चेष्टा’ असे हिंदी अर्थ वाचले, तर घरच्या मराठीत त्यांचा अर्थ भलताच होतो. ‘अवसर’ हा शब्द हिंदीत संधी, कन्नडमध्ये घाई, तर तेलुगूतला ‘अवसरम्’ म्हणजे गरज. अशा वेळी इंग्रजीतली सोपी व्याख्या सगळ्यांसाठी सारखीच राहते.

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढे इंग्रजीतून कॉमर्स घेणाऱ्यांनाही तिचा उपयोग होतो. ‘लायबिलिटी’चा अर्थ ‘दायित्व’ असा पाठ केला, तरी डोक्यात चित्र उभे राहत नाही. ‘मनी दॅट अ बिझनेस ओज टू अदर्स’ म्हटले की धंद्याचे देणे लगेच कळते.

असे शब्दकोश आले कुठून?

ही पद्धत परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या अनुभवातून आली. ढाक्यात शिक्षणक्षेत्रात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी जेम्स एंडिकॉट यांच्यासोबत 1935 मध्ये असा शब्दकोश काढला. त्यातले अर्थ अवघ्या 1,490 शब्दांच्या आधारे समजावले होते. जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे ए. एस. हॉर्नबी यांचा कोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला. तोच पुढे 1948 मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. 1978 च्या लाँगमन कोशात व्याख्यांसाठी सुमारे 2,000 शब्द ठरवून घेतले होते. 1987 च्या कोबिल्ड कोशाने पूर्ण वाक्यात अर्थ सांगण्याची रीत आणली.

अभ्यास कसा करायचा?

1. कोश निवडताना त्यावर ‘लर्नर्स’ शब्द आहे का, ते पाहा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे असे कोश मोबाइलवर मोफत पाहता येतात.

2. व्याख्येच्या आधी शब्दाची जात बघा. ‘ॲडव्हाइस’ हे न मोजता येणारे नाम आहे, म्हणून ‘ॲडव्हायसेस’ चालत नाही.

3. उदाहरण मोठ्याने वाचा. आपण मराठीत ‘विषयावर चर्चा’ म्हणतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहून बसतो. कोशातल्या वाक्यात ‘डिस्कस द प्रॉब्लेम’ दिसते, ‘अबाउट’ नसतेच.

4. मग आपले वाक्य करा. त्यात आपले घर, दुकान, बस, शेत येऊ द्या.

5. रोज पाच शब्द पुरेत. आठवड्याने अर्थ झाकून वाक्ये पुन्हा म्हणा.

ऑक्सफर्डची 3,000 महत्त्वाच्या शब्दांची यादी आहे. सुरुवात तिच्यातल्या ए-1 पातळीपासून करावी. कठीण शब्दांच्या मागे आधी लागू नये.

मराठी सोडायची का?

मुळीच नाही. ‘टर्मरिक’ची लांबलचक इंग्रजी व्याख्या वाचण्यापेक्षा ‘हळद’ म्हटले की काम झाले. वस्तू, झाडे, प्राणी, रोग यांची नावे मराठीतूनच पटकन कळतात. क्रियापदे, भावना आणि व्यवहाराचे शब्द मात्र व्याख्या आणि वाक्यासकट शिकावेत. व्याख्या समजली की नाही, हे तपासायचे असेल तर तीच गोष्ट घरी कुणाला तरी आपल्या मराठीत सांगून बघावी. सांगता आली, म्हणजे शब्द आपला झाला.