दंड की खर्च?

डेव्हिड फ्रँकलिन हा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ १९९६मध्ये पार्क-डेव्हिस या अमेरिकी औषध कंपनीत रुजू झाला. काम डॉक्टरांना शास्त्रीय माहिती देण्याचे. ही ‘माहिती’ म्हणजे निव्वळ विक्री आहे, हे कळताच काही महिन्यांत त्याने नोकरी सोडली आणि दावा लावला. आधार होता १८६३च्या कायद्याचा. यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल पुरवणाऱ्या कंत्राटदारांसाठी तो झाला होता. सरकारच्या वतीने खासगी माणसाला दावा लावता येतो आणि वसुलीत वाटा मिळतो, ही त्यातली मेख.

न्यूरोन्टिन १९९३च्या अखेरीस मंजूर झाले ते अपस्मारासाठी, तेही दुसऱ्या औषधाच्या जोडीला. कंपनी ते बायपोलर विकार, अर्धशिशी, नाना वेदना यांवर खपवत होती. डॉक्टरने स्वतःच्या निर्णयाने असे औषध लिहून देणे अमेरिकेत बेकायदा नाही. कंपनीने तसा प्रचार करणे बेकायदा. ही रेषा कागदावर ठळक, पण ‘सल्लागार’ डॉक्टरांना हवाईची सहल आणि अटलांटा ऑलिंपिकची वारी घडली की भलतीच पुसट होते.

२०००मध्ये मूळ कंपनी वॉर्नर-लँबर्ट फायझरने विकत घेतली. मे २००४मध्ये तडजोड झाली ती ४३ कोटी डॉलरवर. न्यूरोन्टिनची एकट्या २००३ची विक्री अडीच अब्जांहून अधिक होती! यापुढे नीट वागण्याचा लेखी करारही फायझरने केला. त्याच सुमारास तिचे प्रतिनिधी बेक्स्ट्रा हे सांधेदुखीचे औषध शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांसाठी खपवत होते. एफडीएने हा उपयोग २००१मध्येच नाकारला होता. २००५मध्ये बेक्स्ट्रा बाजारातून गेले आणि २००९मध्ये २.३ अब्ज डॉलर भरावे लागले. रक्कम विक्रमी; फायझरच्या त्या वर्षीच्या विक्रीशी ताडून पाहिली तर जेमतेम अडीच आठवड्यांची.

दंड नसता तर आणखी काय घडले असते, ते मोजता येत नाही, हे मान्य. पण धाक होता तो वेगळ्याच शिक्षेचा. दोषी ठरलेली कंपनी मेडिकेअर आणि मेडिकेडमधून बाद होते. एवढ्या मोठ्या कंपनीला ते मरणच. म्हणून गुन्हा कबूल केला उपकंपनीने, फार्मेशिया अँड अपजॉनने. फायझरची दारे उघडीच राहिली. सरकारचीही अडचण होती: तिची औषधे थांबवली तर रुग्णांचे काय?

माणसांना जबाबदार धरण्याचा प्रयोग पर्ड्यूबाबत झाला. ऑक्सिकॉन्टिनच्या फसव्या प्रचारासाठी २००७मध्ये कंपनीबरोबर तिच्या तीन अधिकाऱ्यांनीही किरकोळ स्वरूपाचा गुन्हा कबूल केला. तुरुंगवास कोणालाच झाला नाही. २०२०मध्ये पर्ड्यूने पुन्हा गुन्हे कबूल केले.