रॅप्चरची तारीख, १८४७ साल आणि आपल्या वैनगंगेचं पाणी

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर संध्याकाळी वाचा, पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका ही विनंती.

२०२५ च्या सप्टेंबरात एक गोष्ट मोबाईलवर फिरत होती, आठवत असेल. दक्षिण आफ्रिकेतल्या एका उपदेशकानं सांगितलं की २३ किंवा २४ सप्टेंबरला येशू ख्रिस्त येणार आणि खऱ्या विश्वासणाऱ्यांना वर उचलून नेणार. परदेशात टिकटॉकवर धुमाकूळ झाला. कुणी नोकरी सोडल्याचं सांगत होतं, कुणी गाडी विकल्याचं. आपल्याकडे टिकटॉक २०२० पासून बंद, पण रील कुठूनही येतेच. इकडे २३ तारखेला नवरात्राचा दुसरा दिवस होता, धान निसवत होता आणि आपल्याला पाण्याची चिंता. २५ तारीख उजाडली. मग सुरू झाले विनोद, आणि विनोद करता करता गाडी घसरली ती सरळ "हे ख्रिश्चन लोक असेच" यावर. तेव्हापासून यावर लिहायचं डोक्यात होतं. कारण एक तर हे सगळ्या ख्रिस्ती लोकांचं मत नाही. दुसरं म्हणजे या प्रकरणाचा इतिहास वाचताना तो आपल्या नदीच्या कडेकडेनं चाललेला मला दिसला.

आधी शब्दाचं पाहू. "रॅप्चर" हा शब्द मूळ ग्रीक बायबलात नाही. पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, प्रभू येईल तेव्हा जिवंत असलेले विश्वासणारे मेघांत वर घेतले जातील अशा अर्थाचा मजकूर आहे. लॅटिन भाषांतरात तिथे "ओढून घेणे" या अर्थाचं क्रियापद आलं आणि त्यावरून इंग्रजी शब्द बनला. येशू परत येणार ही श्रद्धा चर्चमध्ये पहिल्यापासून आहे. तिच्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कधी आणि कोणत्या क्रमानं यावर.

क्रम म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. २०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर आठवा. वरून धरणाचं पाणी सुटलं आणि वैनगंगेनं भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत लोकांना घराबाहेर काढलं. आता समजा, असा एक महापूर येणार हे ठरलेलं आहे. बायबलच्या वाचकांपैकी काही जण त्याला महासंकटाची सात वर्षं म्हणतात. एक गट म्हणतो, पाणी चढण्याआधीच बोट येईल आणि आपल्या माणसांना काढून नेईल. दुसरा म्हणतो, पाणी निम्मं चढल्यावर येईल. तिसरा म्हणतो, बोट वगैरे काही नाही बाप्पा, सगळा पूर सोसायचा, आणि शेवटी धनी स्वतः येतील तेव्हा त्यांना सामोरं जायचं. आज रीलमध्ये दिसतं ते पहिल्या गटाचं मत. तिसऱ्या गटाचा एक मुद्दा मला फार पटण्यासारखा वाटतो. पौलानं "भेटायला" यासाठी जो ग्रीक शब्द वापरला, तो मोठ्या पाहुण्याला वेशीबाहेर जाऊन घेऊन येण्यासाठीही वापरला जायचा. म्हणजे आपण पालखी घ्यायला वेशीवर जातो तसं. वेशीवर गेलेला माणूस पालखीबरोबर गावातच परततो, तिकडून कुठे निघून जात नाही!

आता गंमत अशी की पहिल्या गटाचं हे मत, म्हणजे संकटाआधी गुपचूप उचलून नेणं, या स्वरूपात फार जुनं नाही. जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) या आयर्लंडमध्ये काम केलेल्या पाद्र्यानं १८३० च्या दशकात ते मांडलं. तो आणि त्याचे सोबती "प्लिमथ ब्रदरन" म्हणून ओळखले जातात. पुढे १९०९ साली अमेरिकेत निघालेल्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटीपांनी ते घराघरांत नेलं. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि जुन्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये ही शिकवण नाही. आपल्याजवळचं उदाहरण घ्यायचं तर उत्तर भारतातल्या सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन "चर्च ऑफ नॉर्थ इंडिया" स्थापन झाली ती आपल्या नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७०ला. त्या चर्चची उपासना पाहा. प्रभू पुन्हा येईल हे आहे, पण सात वर्षांचा तक्ता नाही. तेव्हा शेजारच्या ख्रिस्ती माणसाला "काय, तुमची बोट हुकली काय?" असं विचारण्याआधी तो कोणत्या चर्चचा, एवढं तरी विचारावं.

डार्बीच्या सुरुवातीच्या सोबत्यांत एक होता अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज. धंद्यानं दातांचा डॉक्टर, इंग्लंडमधल्या एक्सेटरचा. कमाई चांगली. पण याचं म्हणणं असं की ख्रिस्ती माणसानं साठवून ठेवूच नये. १८२५ साली त्यानं तसं पुस्तकच छापलं. दवाखाना सोडून तो १८२९ मध्ये बायकोमुलांसह बगदादला निघाला. १८३१ साली बगदादमध्ये प्लेग आला, पाठोपाठ तैग्रिसचा पूर घरांत शिरला आणि त्यावर शहराला वेढा पडला. ग्रोव्ह्जची बायको मेरी प्लेगनं गेली. जगाच्या शेवटच्या संकटाबद्दल लिहिणारे पुष्कळ होते. हा माणूस मात्र भोवती रोज मढी उचलली जाताना तिथेच राहिला. १८३३ मध्ये तो मुंबईत उतरला. त्याच्यासोबत इंग्रज सैन्यातला एक अभियंता होता, आर्थर कॉटन.

हे नाव लक्षात ठेवा, परत येतो.

त्याच १८३३ साली मुंबईत आणखी एक वल्ली येऊन गेली, जोसेफ वोल्फ. जर्मनीतल्या रब्बीचा मुलगा, आधी कॅथलिक, मग अँग्लिकन, बुखाऱ्यापर्यंत पायपीट करून आलेला. गोव्यातही जाऊन आला. मुंबईत त्या वेळी डॉ. जॉन विल्सन होते, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही चौपाटीसमोर आहे. हा वोल्फ जिथे जाईल तिथे सांगत होता की येशू १८४७ साली येणार. दानीएलाच्या पुस्तकातल्या दिवसांची वर्षं करायची, एखाद्या जुन्या राजाच्या फर्मानापासून मोजायला लागायचं आणि साल काढायचं, ही त्या काळची रीत होती. अमेरिकेतल्या विल्यम मिलर या शेतकऱ्यानं हेच केलं. इ.स.पू. ४५७ पासून २३०० वर्षं, म्हणून १८४३. नंतर कुणाच्या ध्यानात आलं की मधे शून्य साल नसतं, मग १८४४, आणि शेवटी नेमका दिवस २२ ऑक्टोबर. मिलरच्या मांडणीत डार्बीची बोट नव्हती, सरळ प्रभूचं येणंच होतं. हजारो लोक वाट पाहत बसले, काहींनी शेतात उभं पीक तसंच सोडलं. २३ ऑक्टोबरची सकाळ झाली. त्या घटनेचं इतिहासातलं नावच "मोठी निराशा" असं आहे.

वोल्फचं १८४७ सालही आलं आणि गेलं. पुढे त्यानं तारखेचा नाद सोडला आणि १८६२ मध्ये इंग्लंडमधल्या एका खेड्याचा पाद्री म्हणून वारला.

पण १८४७ साली काय झालं ते पाहा. त्या वर्षी आर्थर कॉटननं राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम् इथे गोदावरीवर बंधाऱ्याचं काम सुरू केलं. १८५२ च्या सुमारास ते पुरं झालं. १८३३ च्या दुष्काळात तो तेलुगू मुलूख उजाड झाला होता, तिथे भात पिकू लागला. आजही त्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी कॉटनचे पुतळे उभारलेले आहेत. ग्रोव्ह्जच्या प्रेरणेनं आलेल्या ब्रदरन मिशनऱ्यांनी १८३६ मध्ये नरसापूरला जे काम सुरू केलं ते याच गोदावरीच्या मुखाशी. आणि त्या बंधाऱ्याला येणारं पाणी कुठलं? आपली वैनगंगा पवनीवरून खाली जाते, वर्धेला मिळून प्राणहिता होते, सिरोंचाजवळ गोदावरीत पडते आणि तशीच धवळेश्वरमला पोचते. आपल्या घाटावरून गेलेलं पाणी दीडशेहून अधिक वर्षं त्या बंधाऱ्यात अडतंय. एकाच श्रद्धेच्या वर्तुळातला एक माणूस १८४७ हे जगाचं शेवटचं साल सांगत फिरला, आणि दुसऱ्यानं त्याच साली पुढच्या पिढ्यांच्या पाण्याची सोय करायला घेतली. मी काही धर्मपंडित नाही, पण हे वाचलं तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

मराठी मुलखातलं याहून मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या मध्य प्रांतात आल्या (भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता) आणि भुकेनं वाऱ्यावर पडलेल्या मुली, बाल्यविधवा गोळा करून पुण्याजवळ केडगावला घेऊन गेल्या. तेच मुक्ती सदन. तिथे १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी प्रार्थनेला बोलावलं तेव्हा सत्तरएक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसाला साडेपाचशे. मग रडणं, पापाची कबुली, कुणी अनोळखी भाषेत बोलतंय असा सगळा प्रकार घडला. आपल्याकडे अंगात येणं म्हणतात त्याची आठवण होईल, पण तिथल्या लोकांसाठी त्याचा अर्थ वेगळा होता. बायबलात पेरणीचा पाऊस आणि पीक तयार होण्याआधीचा शेवटला पाऊस असे दोन पाऊस येतात. प्रेषितांच्या काळी पहिला पडून गेला, आता शेवटला पडतोय, म्हणजे कापणी जवळ आली, असं त्या काळचे पुष्कळ विश्वासणारे मानत होते. केडगावात काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी १९०६ साली या अनुभवावर पुस्तक लिहिलं. त्यांची वर्गमैत्रीण चिली देशात होती, तिला ते पाठवलं, आणि १९०९ मध्ये तिथे जी पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली तिच्या मुळाशी हे केडगावचं पुस्तक सांगतात. दुष्काळातून उचलून आणलेल्या मराठी-हिंदी मुलींच्या प्रार्थनेचा धागा थेट दक्षिण अमेरिकेत!

कापणी जवळ आली असं भोवतीचे लोक म्हणत असताना रमाबाई काय करत होत्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. संस्कृत शब्दांच्या ओझ्याखाली अडाणी बाईला काही कळत नाही म्हणून सोप्या मराठीत. छापखाना मुक्तीचाच, खिळे जुळवणाऱ्या हातही तिथल्याच मुलींचे. शेवट महिन्या-दोन महिन्यांवर आहे असं मानणारा माणूस एवढं लांबचं काम हाती घेत नाही. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.

आता आपल्याला हसायला फार जागा नाही, हेही सांगून टाकतो. ३ ते ५ फेब्रुवारी १९६२, अष्टग्रही. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून प्रलय होणार, अशी देशभर हवा. ठिकठिकाणी यज्ञ, होम, अखंड पाठ. नेहरूंनी टिंगल केली तरी लोक घाबरायचे ते घाबरलेच. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर विचारा, एकेक किस्से निघतील. आणि त्याच महिन्यात, १९ तारखेपासून, लोकसभेच्या निवडणुकीचं मतदान झालं. बरं, आपल्या शास्त्रांप्रमाणे कलियुग ४ लाख ३२ हजार वर्षांचं, त्यातली जेमतेम पाच हजार सरली. जगन्नाथ टेकडीच्या स्तूपाशी ज्यांची श्रद्धा होती त्यांच्या परंपरेतला मैत्रेय बुद्धही फार फार पुढच्या काळात येणारा. एवढी मुदत हातात असूनही आपण तीन दिवसांच्या ग्रहयोगाला घाबरलो. ग्रंथ काय सांगतो याच्याशी भीतीचा संबंध थोडाच असतो. साल अवघड असलं, महागाई असली, युद्ध दिसत असलं की तारीख सांगणारा कुणीतरी निघतो.

तारीख सांगणाऱ्याचं सहसा काही जात नाही, जातं ते ऐकणाऱ्याचं. २०११ साली अमेरिकेतल्या हॅरोल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकानं २१ मे ही तारीख दिली होती. न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त कर्मचाऱ्यानं सुमारे १ लाख ४० हजार डॉलर, म्हणजे आयुष्याची पुंजी, त्याच्या जाहिराती लावण्यात घातली. २१ मे टळल्यावर कॅम्पिंगनं २१ ऑक्टोबर सांगितलं. मत्तयच्या शुभवर्तमानात चोविसाव्या अध्यायात येशू स्वतः सांगतो की तो दिवस नि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. हे वाक्य प्रत्येक तारीखवाल्याला माहीत असतं. एडगर व्हिझनंट नावाच्या माणसानं त्यावर पळवाट काढली: दिवस आणि घटका माहीत नाही म्हटलंय, साल नाही म्हटलेलं नाही! त्यानं इस्रायलच्या १९४८ मध्ये एक पिढी, म्हणजे चाळीस वर्षं मिळवली आणि १९८८ हे साल काढलं, ज्यूंच्या कर्ण्यांच्या सणाच्या आसपास, ११ ते १३ सप्टेंबर. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. २०२५ ची तारीखही त्याच सणाभोवतीची होती.

१९८८ म्हटलं की पवनी तालुक्यातल्या माणसाला दुसरंच काही आठवतं. २२ एप्रिल १९८८, राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दचं भूमिपूजन. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा. पुढे तारखा किती दिल्या गेल्या आणि किती टळल्या, ते मोजायला दानीएलाचं गणितही पुरायचं नाही. कोटींचा आकडा अठरा हजारांच्या वर गेला. दरम्यान गावंच्या गावं उठली. देवळं, विहिरी, आंब्याची झाडं पाण्याखाली गेली, आणि त्या पाण्यात आज नागपूरची नाग नदी आपली घाण आणून टाकते. आपल्या प्रकल्पग्रस्तांना न्यायला मेघांतून कुणी आलं नाही. ट्रॅक्टरवर कवेलू आणि चौकटी भरून ते नव्या गावठाणात गेले. काहींचे मोबदल्याचे कागद अजून फिरताहेत. त्यातल्या कुणाची फाईल अडली असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव आणि कोणत्या कामासाठी अडली तेवढं लिहा. मी यादी करतोय.