होळकर संघाचे ते तीन हंगाम



उज्जैनकर मराठी माणसाने इंदूरच्या संघाचं कौतुक लिहावं, हे जुन्या पिढीला फारसं रुचलं नसतं. आपण शिंदेशाहीतले, ते होळकरशाहीतले. अंतर जेमतेम पंचावन्न किलोमीटर, पण आमच्या लहानपणी घरात "तिकडचे" आणि "आपले" हा भेद अगदी भाकरी-पोळीपर्यंत जायचा. फक्त क्रिकेटचा विषय निघाला की हा भेद कुठल्या कुठे पळायचा. उज्जैनचा म्हणावा असा मोठा संघ नव्हताच, मग माळव्यातल्या सगळ्याच मराठी घरांनी होळकरांचा संघ आपला मानला.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, गिरणीत कारकून. पगार बेताचा, पण रणजीचा सामना इंदूरला असला की चार सहकारी मिळून मीटरगेजच्या गाडीने निघायचे. गाडी फतेहाबादवरून जायची. तिथले गुलाबजाम खाल्ल्याशिवाय मॅच पाहिल्याचं पुण्य लागत नाही, असं अण्णा म्हणत. त्या मॅचच्या गोष्टी मी इतक्यांदा ऐकल्या आहेत की मीच प्रेक्षकांत बसलो होतो असं कधी कधी वाटतं. वास्तविक माझा जन्म १९४९ चा.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे नात्यातल्या एका लग्नात एका मुंबईकर पाहुण्याने सहज म्हटलं, "होळकर संघ काय, पैशाने गोळा केलेली माणसं!" जेवणाच्या पंगतीत वाद नको म्हणून मी गप्प बसलो. पण जन्मभर बँकेत जमाखर्च पाहिलेला माणूस मी, हिशोब अर्धवट राहिलेला मला चालत नाही.

तर आधी माणसं गोळा कशी झाली ते बघू. सी. के. नायडू मूळ नागपूरचे. त्यांना १९२३ मध्ये तुकोजीराव महाराजांनी इंदूरला बोलावून फौजेत हुद्दा दिला. पुढे १९३२ साली लॉर्ड्‌सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे ते कर्णधार झाले, पण घर इंदूरच राहिलं. तुकोजीरावांनंतर गादीवर आलेल्या यशवंतराव महाराजांनी हाच रिवाज चालू ठेवला. खेळाडूला नोकरी द्यायची, हुद्दा द्यायचा, म्हणजे महिन्याच्या महिन्याला घर चालतं आणि तो निर्धास्त खेळतो. आमच्या बँकांनी आणि रेल्वेने पुढे 'स्पोर्ट्‌स कोटा' म्हणून जे केलं ते याहून वेगळं काय होतं, मला सांगा.

शिवाय सगळेच काही बाहेरचे नव्हते. मुश्ताक अली इंदूरचेच, नायडूंच्या नजरेखाली वाढलेले. १९३६ मध्ये मँचेस्टरला त्यांनी ११२ धावा केल्या, ते परदेशातल्या कसोटीतलं भारतीयाचं पहिलं शतक. माधवराव जगदाळे इंदूरच्या मराठी घराण्यातले. चंदू सरवटे सागरचे, वकिलीची पदवी घेतलेले, बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ. (जाता जाता एक खुलासा. इंदूरचा सरवटे बसस्टँड या सरवट्यांच्या नावाचा नाही. तो घटना समितीचे सदस्य असलेल्या तात्यासाहेब सरवट्यांच्या नावाचा. उज्जैनच्या बसमधून उतरताना हा वाद मी स्वतः दोनदा मिटवला आहे.) हिरालाल गायकवाड नागपूरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. खंडू रांगणेकर तर चक्क मुंबईचे. तेही होळकरांकडून खेळले, हे त्या पाहुण्यांना ठाऊक नसावं.

रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली तेव्हा आपल्या भागाचा संघ 'सेंट्रल इंडिया' या नावाने उतरायचा. १९४१-४२ पासून त्याचं नाव 'होळकर' झालं. आणि लक्षात घ्या, तेव्हा स्पर्धा बाद पद्धतीची होती. हरलात की घरी. अख्खा हंगाम म्हणजे तीन-चार सामने. एका वाईट दिवसात वर्षभराची तयारी पाण्यात.

१९४४-४५ च्या हंगामात दोन मोठ्या नेमणुका झाल्या. एक म्हणजे सी. एस. नायडू, सी. के. यांचे धाकटे भाऊ. लेगस्पिन टाकायचे, आधी बडोद्याकडून खेळत होते, ते इंदूरला आले. दुसरी नेमणूक महायुद्धाने करून दिली. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन तेव्हा लष्करी नोकरीत महूच्या छावणीत होता. महू म्हणजे इंदूरचं अंगणच. एवढा नामी फलंदाज हाताशी असताना कोण सोडेल? त्याला होळकर संघात घेतलं.

या भरवशावर संघ पहिल्यांदाच रणजीच्या अंतिम सामन्यात पोचला. मार्च १९४५, ब्रेबॉर्न स्टेडियम, समोर विजय मर्चंट यांची मुंबई. निकाल लागेपर्यंत खेळायचं, असा सामना. मुंबईने पहिल्या डावात ४६२ केल्या, होळकरांनी ३६०. शंभरावर दोन धावांची आघाडी हातात, पण मुंबई थांबायला तयार नाही. दुसऱ्या डावात ७६४! मर्चंट २७८, रुसी मोदी १५१. मोदींच्या त्या हंगामात १००८ धावा झाल्या, रणजीच्या एका हंगामात हजार ओलांडणारे ते पहिले.

आता गोलंदाजाची बाजू ऐका. सी. एस. नायडूंनी त्या सामन्यात पहिल्या डावात ६४.५ आणि दुसऱ्यात ८८ षटकं टाकली. एकूण ९१७ चेंडू. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये एका सामन्यात एवढे चेंडू कुणीही टाकलेले नाहीत. ११ गडी बाद केले आणि ४२८ धावा दिल्या, तोही विक्रमच. मार्च महिन्यातली मुंबईची हवा, घामाने चेंडू निसटतो, आणि हा माणूस टाकतोय, टाकतोय. आजकाल गोलंदाजाने वीस षटकं टाकली की त्याच्या खांद्याची चर्चा वर्तमानपत्रात येते. सी. एस. यांच्या बोटांची त्या रात्री काय अवस्था झाली असेल, कल्पना करवत नाही. अण्णा म्हणायचे, मर्चंटचं नाव सगळ्यांच्या तोंडी, पण त्या मॅचचा खरा हमाल सी. एस.

होळकरांना जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या. कुणीही हात टेकले असते. पण मुश्ताक यांनी पहिल्या डावात १०९ केल्या होत्या, दुसऱ्यात १३९ केल्या. कॉम्प्टन तर नाबाद २४९. समोरचे गडी जात राहिले आणि तो एका टोकाला उभा. संघ ४९२ वर संपला. ३७४ धावांनी हार. चार डावांची बेरीज २०७८, प्रथम श्रेणीच्या सामन्यात तोवर कधी न झालेली.

त्या खेळीची एक गोष्ट कॉम्प्टन स्वतः नंतर रंगवून सांगत असे. एका धनिक शेठजींनी त्याला शंभरच्या पुढच्या प्रत्येक धावेला अमुक रक्कम देईन म्हणून कबूल केलं होतं. एकशे एकोणपन्नास धावा वर झाल्यावर कॉम्प्टन बक्षीस घ्यायला गेला, तर शेठजी तातडीच्या कामाने कलकत्त्याला निघून गेलेले! आता मी जुना कर्जविभागातला माणूस. तोंडी आश्वासनावर, तारण न घेता, एवढी मोठी जोखीम घ्यायचीच कशाला?

पुढच्या हंगामात, १९४५-४६ मध्ये, कॉम्प्टनची उणीव जाणवेल असं सगळ्यांना वाटत होतं. झालं उलटंच. म्हैसूरविरुद्ध उपांत्य सामन्यात इंदूरला होळकरांनी ८ बाद ९१२ धावा केल्या आणि एकाच डावात सहा जणांची शतकं झाली. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. १०१, निंबाळकर १७२, प्रताप सिंग १००. ही सहांची बेरीज करा, ७८० होते. एका डावात सहा शतकवीर हा विक्रम आजही उभा आहे. आणि यातली नावं बघा, चार तर आपलीच मराठी मंडळी.

अंतिम सामना इंदूरलाच, बडोद्याशी. हाच तो सामना जो आमच्या अण्णांनी पाहिला. सी. के. नायडूंचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे. त्या वयात आपल्या बँकेत स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज भरतात. नायडूंनी २०० धावा केल्या. होळकर ५६ धावांनी जिंकले आणि रणजी करंडक पहिल्यांदा माळव्यात आला. अण्णा म्हणायचे की उंचेपुरे सी. के. पायऱ्या उतरून मैदानात येत तेव्हा बिडी ओढणारे बिडी विझवून बसायचे. परत येताना गाडीत लोक उभ्याने गात आले होते, आणि फतेहाबादला गुलाबजाम संपले होते.

पण एका वर्षात डोक्यावरचं मोरपीस उतरलं. १९४६-४७ चा अंतिम सामना बडोद्यात, समोर पुन्हा बडोदाच. होळकर पहिल्या डावात २०२. बडोद्याचे ९१ वर तीन गडी बाद झाले, तेव्हा आपल्याला वाटलं आता सामना हातात. मग गुल महंमद आणि विजय हजारे एकत्र आले आणि त्यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. जगात कुठल्याही विकेटसाठीची ही सर्वांत मोठी भागीदारी २००६ पर्यंत टिकली, श्रीलंकेच्या संगकारा-जयवर्धने यांनी मोडेपर्यंत. बडोदा ७८४. होळकर दुसऱ्या डावात १७३. एक डाव आणि ४०९ धावांनी हार. त्या सामन्याबद्दल अण्णा कधीच फार बोलले नाहीत.

तीन हंगाम, तीन अंतिम सामने. एक हार झुंजून, एक जीत, एक हार नामुष्कीची. तरी पुढच्याच वर्षी, १९४७-४८ मध्ये, याच संघाने इंदूरला मुंबईला नऊ गडी राखून हरवलं. मुंबईची परतफेड झाली. पुढे १९५०-५१ मध्ये गुजरातला आणि १९५२-५३ मध्ये बंगालला हरवून आणखी दोनदा करंडक आणला. ११ हंगामांत १० अंतिम सामने, त्यात ४ विजय. सहा वेळा शेवटच्या पायरीवर घसरले हेही खरं. १९५१-५२ मध्ये तर मुंबईने ५३१ धावांनी धुतलं.

दुखापतींबद्दल लिहायचं राहिलं. तेव्हा ना हेल्मेट, ना फिजिओ. सी. के. पन्नाशी उलटून गेल्यावर मुंबईविरुद्ध खेळत असताना दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर आदळला आणि दोन दात पडले. मैदान सोडायला त्यांनी नकार दिला, खेळपट्टीवरचे दात बाजूला सारले आणि पुन्हा उभे राहिले. फडकरांनी वयाचा मान ठेवून चेंडूचा वेग कमी करू नये, असंच त्यांनी बजावलं म्हणतात. काही लोकांना हा हट्टीपणा वाटतो. मला विचाराल तर थोडा होताही. त्यांची शिस्तही तशीच कडक, हाताखालचे खेळाडू त्यांना टरकून असत. पण फौजी हुद्दा नुसता पगारापुरता घेतला नव्हता, एवढं यातून दिसतं.

आता पाहुण्यांच्या मुद्द्याकडे येतो. पैशाने गोळा केलेली माणसं म्हणावं, तर २८ मे १९४८ ला मध्य भारत राज्य झालं, होळकर आणि शिंदे दोन्ही संस्थानं त्यात गेली. उज्जैन आणि इंदूर पहिल्यांदा एका राज्यात आले. संस्थानचा खजिना राहिला नाही, फौज राहिली नाही. तरी होळकर नावाचा संघ पुढे सात हंगाम खेळला, सातपैकी सहा वेळा अंतिम सामन्यात गेला आणि दोनदा करंडक घेऊन आला. पैसा संपल्यावर भाडोत्री माणूस एवढे दिवस थांबत नाही.

शेवट १९५४-५५ ला झाला. अंतिम सामना इंदूरला मद्रासशी, ४६ धावांनी हार. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा. अण्णा रात्री उशिरा घरी आले आणि न जेवता झोपले, एवढंच मला आठवतं. आईने सांगितलं, "त्यांचा संघ हरला." पुढच्या हंगामात संघाचं नाव मध्य भारत झालं, आणि राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश. सी. के. पुढे साठी ओलांडून उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले. १९६७ मध्ये ते इंदूरलाच वारले.

त्यानंतर करंडक माळव्यात यायला जून २०२२ उजाडला. बेंगळुरूला मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवलं. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, मूळचे मुंबईकर. यश दुबे, शुभम शर्मा आणि इंदूरचा रजत पाटीदार, तिघांची शतकं. आकड्यांचा नाद असलेल्यांसाठी सांगतो: १९४५ मध्ये मुंबईने आपल्याला ३७४ धावांनी हरवलं होतं आणि २०२२ मध्ये मुंबईचा पहिला डाव संपला तो ३७४ वर. मी टीव्हीसमोर एकटाच हसलो, सौ.ना वाटलं काय झालं यांना.

आता एक विनंती. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आजोबांच्या ट्रंका अजून माळ्यावर आहेत. त्यांत यशवंत क्लबच्या मैदानावरची तिकिटं, धावफलक, वर्तमानपत्रांची कात्रणं, किंवा होळकर संघाचे फोटो असतील तर फोटो काढून इथे टाका, मागे कुणाचं नाव-साल लिहिलं असेल तर तेही. १९४६ च्या अंतिम सामन्याचं तिकीट आमच्या अण्णांनी जपून ठेवलं होतं, पण १९६१ च्या घरबदलात ते गेलं. दुसऱ्या कुणाच्या घरी असेल तर मला नुसतं पाहायचं आहे.

– तुमचाच, फ्रीगंजवाला काका