आर्तेमिव्स्क ते बाखमुत : युक्रेनमधील एका रायोनचे नामांतर आणि पुनर्रचना

प्रस्तावना

राज्यसत्ता बदलली की नकाशा बदलतो आणि नकाशाबरोबर नावेही बदलतात, हे इतिहासाच्या अभ्यासकाला नवे नाही. तथापि नाव बदलणे आणि सीमा बदलणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. त्यांची कारणे वेगळी असतात, त्या करणाऱ्या यंत्रणा अनेकदा वेगळ्या असतात आणि त्यांचे परिणामही वेगवेगळ्या लोकांना भोगावे लागतात. या दोन्ही क्रिया थोड्या वर्षांच्या अंतराने एकाच प्रदेशात घडल्या म्हणजे त्यांतील फरक अधिक स्पष्ट होतो. पूर्व युक्रेनमधील दोनेत्स्क ओब्लास्तातील आर्तेमिव्स्क रायोन हे अशा प्रदेशाचे बोलके उदाहरण आहे. या रायोनला २०१६ मध्ये ‘बाखमुत’ हे जुने नाव परत मिळाले. २०२० मध्ये जुना रायोन रद्द झाला आणि त्याच नावाचा, परंतु विस्ताराने व अधिकाराने निराळा असा नवा रायोन निर्माण झाला.

युक्रेनची प्रशासकीय रचना समजण्यासाठी तीन संज्ञा ध्यानात घ्याव्या लागतात. ‘ओब्लास्त’ म्हणजे प्रांतासारखा मोठा विभाग, ‘रायोन’ म्हणजे ओब्लास्ताखालचा, स्थूलमानाने आपल्याकडील तालुक्याशी तुलना करता येईल असा विभाग, आणि ‘ह्रोमादा’ म्हणजे नगर व आसपासची खेडी मिळून बनलेला स्थानिक स्वराज्याचा घटक. बाखमुतचे नामांतर आणि पुनर्रचना या दोन घटनांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मीठ, किल्ला आणि परगणा

बाखमुतचा पहिला उल्लेख १५७१ मधील आहे. मॉस्कोच्या राज्याच्या दक्षिण सीमेवर स्टेपच्या मैदानातून होणाऱ्या स्वाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी जी पहाऱ्याची ठाणी होती, त्यांपैकी एक बाखमुत नदीकाठी होते. नदीच्या नावावरून ठाण्याला नाव मिळाले. हा शब्द मूळचा तुर्की कुळातील मानला जातो. पुढे ज्या नावाचा ‘ऐतिहासिक’ म्हणून पुरस्कार झाला, ते नावही या प्रदेशातील अनेक लोकसमूहांच्या येण्याजाण्याची खूण आहे, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

बाखमुतला महत्त्व आले ते मिठामुळे. खाऱ्या झऱ्यांचे पाणी आटवून मीठ काढण्याचा उद्योग येथे वाढला आणि १७०३ मध्ये किल्ला उभा राहिला. मिठागरांच्या मालकीवरून कोसॅक आणि झारची सत्ता यांच्यात जो संघर्ष पेटला, त्याचे पर्यवसान १७०७-०८ च्या बंडात झाले. या बंडाचा नेता कोंद्राती बुलाविन हा बाखमुतच्या मिठागरांवरील कोसॅकांचा आतामान, म्हणजे प्रमुख होता. १७८३ मध्ये बाखमुतला नगराचा दर्जा मिळाला. पुढे येकातेरिनोस्लाव गुबेर्नियातील एका परगण्याचे मुख्य ठिकाण म्हणून त्याची ओळख स्थिर झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज मिठाचे साठे सापडले, रेल्वे आली आणि बाखमुत दोनबास या औद्योगिक प्रदेशाचा भाग बनले. येथील कोळशाच्या व पोलादाच्या गावांपैकी बहुतेक गावे नवी होती. बाखमुत त्यांच्याहून जुने होते आणि परगण्याची कचेरी, बाजार, शाळा यांमुळे त्याचा प्रभाव दूरवर पोहोचत होता.

सोव्हिएत काळ : रायोनची निर्मिती आणि आर्तेमचे नाव

१९२३ मध्ये सोव्हिएत युक्रेनमध्ये झारकालीन प्रशासकीय विभागणी मोडून नवी रचना अमलात आली. परगणे आणि वोलोस्त, म्हणजे खेड्यांचे गट, यांच्या जागी ५३ ओक्रुहा आणि ७०६ रायोन निर्माण झाले. पूर्वीच्या वोलोस्तांची संख्या दोन हजारांच्या जवळपास होती, हे पाहता नवा रायोन किती मोठा होता याची कल्पना येते. शासन शेतकऱ्याच्या जवळ आणणे हा या रचनेचा घोषित हेतू होता. पुढील दशकात सामूहिकीकरणाची अंमलबजावणी आणि धान्यवसुली या रायोन पातळीवरील यंत्रणेमार्फतच झाली. रायोनची पक्षसमिती हे ग्रामीण जीवनातील निर्णायक सत्ताकेंद्र ठरले. नोकरी, शाळा, दवाखाना, बी-बियाणे, खत, यंत्रे, सर्व काही रायोनच्या वाटेने येत असे.

नव्या रचनेच्या पाठोपाठ नवे नाव आले. १९२४ मध्ये बाखमुतचे ‘आर्तेमिव्स्क’ झाले. ‘आर्तेम’ हे बोल्शेविक क्रांतिकारक फ्योदोर सेर्गेयेव (१८८३-१९२१) यांचे टोपणनाव होते. रशियातील कुर्स्क गुबेर्नियात जन्मलेल्या सेर्गेयेव यांनी काही वर्षे ऑस्ट्रेलियात काढली. १९१८ मध्ये ते अल्पजीवी दोनेत्स्क-क्रिव्हॉय रोग सोव्हिएत प्रजासत्ताकाचे प्रमुख होते. १९२१ मध्ये पंख्याच्या इंजिनावर धावणाऱ्या प्रायोगिक रेल्वेगाडीच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. स्थानिक भूगोल आणि मिठाचा उद्योग यांच्याशी जोडलेल्या नावाऐवजी एका पक्षनेत्याचे नाव देणे, हे त्या काळातील सर्वसाधारण धोरणाला धरूनच होते.

यानंतरही सीमा स्थिर राहिल्या नाहीत. १९३० मध्ये ओक्रुहा रद्द झाले. १९३२ मध्ये दोनेत्स्क ओब्लास्त स्थापन झाले, तेव्हा अगदी सुरुवातीचे काही दिवस आर्तेमिव्स्क हे त्याचे केंद्र होते. लवकरच ते स्थान स्तालिनो या शहराकडे, म्हणजे १९६१ नंतरच्या दोनेत्स्ककडे गेले. १९३८ मध्ये ओब्लास्ताची विभागणी झाली. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी युक्रेनभर रायोनांचे मोठे एकत्रीकरण झाले आणि काही वर्षांतच त्यातील बरेचसे मागे घेण्यात आले. पुढे आर्तेमिव्स्क शहराला थेट ओब्लास्ताच्या अखत्यारीतील शहराचा दर्जा मिळाल्याने एक विसंगती निर्माण झाली. रायोनच्या कचेऱ्या शहरात होत्या, रायोनचे नाव शहरावरून पडले होते, मात्र शहर रायोनचा भाग नव्हते. भोवतालची खेडी आणि सोलेदार, सिवेर्स्क, चासिव यार ही छोटी नगरे मिळून रायोन बनला होता.

तथापि ९२ वर्षांच्या वापरात ‘आर्तेमिव्स्क’ हे नाव केवळ शासकीय राहिले नाही. जन्मदाखले, कामगारांच्या नोंदवह्या, शाळांची प्रमाणपत्रे या नावाने निघाली. १९४२ च्या प्रारंभी नाझी अंमलात येथील अ‍ॅलॅबॅस्टरच्या भुयारी खाणीत सुमारे तीन हजार ज्यूंची हत्या झाली. त्या हत्याकांडाची कागदपत्रे आर्तेमिव्स्क याच नावाखाली सापडतात. नाव लादलेले असले तरी त्याखाली जगलेले आयुष्य लादलेले नसते.

नामांतर : २०१५-१६

२०१४ च्या वसंतात दोनबासमध्ये सशस्त्र संघर्ष सुरू झाला. आर्तेमिव्स्क काही काळ रशियासमर्थक गटांच्या हाती होते. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये युक्रेनने ते परत घेतले. संघर्षामुळे सीमाही तातडीने बदलाव्या लागल्या. दिबाल्त्सेवे शहराच्या अखत्यारीतील स्वित्लोदार्स्क आणि परिसर २०१४ मध्ये आर्तेमिव्स्क रायोनला जोडण्यात आला. दिबाल्त्सेवे स्वतः फेब्रुवारी २०१५ मध्ये युक्रेनच्या हातून गेले.

एप्रिल २०१५ मध्ये युक्रेनच्या संसदेने साम्यवादी व नाझी राजवटींचा निषेध करणारा आणि त्यांच्या प्रतीकांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. मे महिन्यात तो अमलात आला. त्यानुसार सोव्हिएत नेत्यांची नावे असलेली गावे व रायोन यांचे नामांतर बंधनकारक ठरले. २०१६ च्या अखेरपर्यंत ९८७ गावे-शहरे आणि पन्नास हजारांहून अधिक रस्ते यांची नावे बदलली. आर्तेमिव्स्कच्या नगरपरिषदेने सप्टेंबर २०१५ मध्येच ‘बाखमुत’ या नावाला पसंती दिली होती. ४ फेब्रुवारी २०१६ रोजी संसदेने शहराचे नाव बदलले आणि त्याच वर्षी रायोनही बाखमुत रायोन झाला.

या प्रक्रियेतील एक घटनात्मक बारकावा लक्षणीय आहे. युक्रेनच्या राज्यघटनेच्या १३३ व्या अनुच्छेदात सर्व ओब्लास्तांची नावे दिलेली आहेत. त्यामुळे द्निप्रोपेत्रोव्स्क शहर २०१६ मध्ये ‘द्निप्रो’ झाले, तरी त्या ओब्लास्ताचे नाव घटनादुरुस्तीशिवाय बदलता येत नव्हते. रायोनांची नावे मात्र घटनेत नाहीत. रायोन निर्माण करणे, रद्द करणे आणि त्यांची नावे बदलणे हा संसदेच्या साध्या ठरावाचा विषय आहे. बाखमुत रायोनचे नामांतर सुकर झाले ते या तरतुदीमुळे. पुढे चार वर्षांनी तो रायोन तितक्याच सहजतेने रद्द करता आला, तोही याच तरतुदीमुळे.

नामांतराने प्रत्येक ठिकाणचे जुने नाव पुसले गेले नाही. सोलेदार येथून मीठ काढणाऱ्या सरकारी कंपनीचे ‘आर्तेमसील’, म्हणजे ‘आर्तेमचे मीठ’, हे नाव चालूच राहिले. २०२२ मध्ये युद्धामुळे उत्पादन थांबेपर्यंत युक्रेनच्या घराघरांतील मिठाच्या पुड्यांवर ते छापलेले असे. ज्या मिठाने बाखमुत वसवले, त्याच मिठाने आर्तेमचे नाव टिकवावे, हा इतिहासातील विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

पुनर्रचना : २०२०

नामांतराची प्रेरणा स्मृतीची होती, तर पुनर्रचनेची प्रेरणा प्रशासनाची आणि वित्ताची होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये ह्रोमादांच्या ऐच्छिक एकत्रीकरणाचा कायदा झाला. लहान खेड्यांच्या परिषदांकडे शाळा वा दवाखाना चालवण्याइतका पैसा नव्हता, त्यामुळे त्या रायोनवर अवलंबून होत्या. एकत्र आलेल्या ह्रोमादांना वैयक्तिक प्राप्तिकराचा ६० टक्के वाटा थेट मिळू लागला. शाळा, बालवाड्या, प्राथमिक आरोग्यसेवा आणि सांस्कृतिक संस्था क्रमशः त्यांच्याकडे गेल्या. जून २०२० मध्ये मंत्रिमंडळाने देशभरातील १४६९ ह्रोमादांच्या सीमा निश्चित केल्या. १७ जुलै २०२० रोजी संसदेने ४९० रायोन रद्द करून १३६ नवे रायोन निर्माण केले.

या ठरावाने दोनेत्स्क ओब्लास्तात आठ रायोन झाले. नव्या बाखमुत रायोनमध्ये बाखमुत, चासिव यार, सोलेदार, सिवेर्स्क, स्वित्लोदार्स्क, तोरेत्स्क आणि झ्वानिव्का अशा सात ह्रोमादा आल्या. शहर आणि भोवतालचा ग्रामीण भाग एका रायोनमध्ये आल्याने दीर्घकाळची विसंगती दूर झाली. तोरेत्स्क हे कोळशाच्या खाणींचे शहर २०१६ पर्यंत द्झेर्झिन्स्क या नावाने ओळखले जाई आणि जुन्या रायोनशी त्याचा प्रशासकीय संबंध नव्हता. दिबाल्त्सेवे व होर्लिव्का यांचा समावेश वेगळ्या होर्लिव्का रायोनमध्ये झाला. तो भाग युक्रेनच्या ताब्यात नसल्याने हा रायोन केवळ कागदावर होता.

झ्वानिव्काचे उदाहरण विशेष विचारार्ह आहे. १९५१ मध्ये सोव्हिएत संघ व पोलंड यांच्यात भूप्रदेशाची अदलाबदल झाली, तेव्हा कार्पेथियन पर्वताच्या परिसरातून विस्थापित केलेली बोइको समाजाची कुटुंबे येथे वसवण्यात आली. रशियन भाषा प्रबळ असलेल्या औद्योगिक प्रदेशात या लोकांनी आपली युक्रेनियन बोली आणि ग्रीक-कॅथलिक परंपरा जपली. नगराचा दर्जा नसूनही झ्वानिव्काला स्वतंत्र ह्रोमादा मिळाली. दूरच्या कचेरीत ठरलेल्या एका सीमाबदलामुळे जे गाव विस्थापितांचे झाले, त्याला दुसऱ्या सीमाबदलाने स्वराज्याचा घटक बनवले.

विकेंद्रीकरणाच्या मर्यादाही येथेच दिसल्या. ऑक्टोबर २०२० च्या स्थानिक निवडणुका दोनेत्स्क ओब्लास्तातील दहा ह्रोमादांमध्ये सुरक्षेच्या कारणास्तव झाल्या नाहीत. तोरेत्स्क आणि स्वित्लोदार्स्क त्यांत होते. तेथील नागरिकांना नवी सीमा मिळाली, परंतु त्या सीमेतील मताधिकार मिळाला नाही. कारभार लष्करी-नागरी प्रशासनाकडे राहिला.

या सुधारणेचा परिणाम रायोनच्या स्वरूपावर सर्वाधिक झाला. सेवा आणि पैसा ह्रोमादांकडे गेल्यावर रायोन आकाराने वाढला, पण त्याच्याकडे देखरेख आणि समन्वय यांपलीकडे फारसे काम उरले नाही. १९२४ मध्ये परके नाव स्वीकारताना रायोन ही सर्वव्यापी सत्ता होती. २०१६ मध्ये जुने नाव परत मिळाल्यानंतर चार वर्षांतच त्या सत्तेचा गाभा काढून घेण्यात आला.

युद्ध आणि नावांची दोन जगे

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने पूर्ण प्रमाणावर आक्रमण केले. त्याआधी बाखमुत शहराची लोकसंख्या सुमारे सत्तर हजार होती. जानेवारी २०२३ मध्ये सोलेदार पडले आणि २० मे २०२३ रोजी रशियाने बाखमुतचा ताबा मिळाल्याचे जाहीर केले. तोपर्यंत शहर जवळजवळ संपूर्ण उद्ध्वस्त झाले होते. पुढील काळात चासिव यार आणि तोरेत्स्क यांचीही तीच गत झाली. लढाईच्या काळात ‘बाखमुत’ हे नाव जगभर पोहोचले. मात्र रशियाच्या अधिकृत निवेदनांत या शहराचा उल्लेख ‘आर्त्योमोव्स्क’ असाच होत राहिला, कारण रशियन बाजूने २०१६ चे नामांतर मानलेच नाही. कोणते नाव उच्चारले जाते यावरून बोलणारा कोणत्या राज्याचा कायदा मानतो हे कळावे, अशी अवस्था आली.

निष्कर्ष

या विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, नामांतर आणि पुनर्रचना एकाच दशकात व एकाच संसदेकडून झाल्या तरी त्यांचे हेतू भिन्न होते आणि त्यांचे मूल्यमापनही स्वतंत्रपणे करावे लागते. दुसरी, नावातील सातत्य म्हणजे प्रदेशातील सातत्य नव्हे. १९२३ पूर्वीचा बाखमुत परगणा, २०१६ चा बाखमुत रायोन आणि २०२० चा बाखमुत रायोन हे तीन निराळे प्रदेश आहेत. त्यांची लोकसंख्या वा उत्पादन यांचे आकडे थेट शेजारी मांडणे ही पद्धतीची चूक ठरेल. जुन्या दप्तरांचा शोध घेताना ‘आर्तेमिव्स्क’ हे नावही जपून ठेवावे लागेल, अन्यथा त्या नावाखाली नोंदलेल्या मृतांचा माग हरवेल.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नाव कायद्याने परत आणता येते, सीमा ठरावाने आखता येते, परंतु दोन्हींना अर्थ येतो तो तेथे राहणाऱ्या माणसांमुळे. बाखमुतचे रहिवासी आज युक्रेनच्या इतर भागांत आणि परदेशांत विखुरलेले आहेत. १९२४ मध्ये माणसे जागेवर होती आणि त्यांच्या गावाचे नाव काढून घेतले गेले. एका शतकानंतर नाव कायद्याने सुरक्षित आहे आणि गाव मात्र उरलेले नाही.