हजार पौंडांची वंशावळ

1849 साली ब्रिटनचे पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड रॉस यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. सरकार सोसायटीला हजार पौंड देईल. ते कोणाला आणि कोणत्या कामासाठी द्यायचे, हे सोसायटीने ठरवावं. रॉस स्वतः खगोलशास्त्रज्ञ. आयर्लंडमध्ये बर इथल्या आपल्या वाड्याच्या आवारात त्यांनी त्या काळची जगातली सर्वांत मोठी दुर्बीण उभारली होती, आणि तीही घरच्या पैशाने. पण डोक्यात प्रश्न असलेल्या प्रत्येकाच्या घरी तेवढा पैसा नसतो. आज आपल्या विद्यापीठांत एखाद्या प्राध्यापकाला ‘प्रोजेक्ट मिळाला’ असं आपण ऐकतो, त्या पद्धतीचा मूळपुरुष म्हणून मी या हजार पौंडांकडे बघतो.

राजसत्तेने ज्ञानासाठी पैसा खर्च करणं त्याआधीही होतं. 1714 च्या कायद्याने ब्रिटिश पार्लमेंटने समुद्रावर रेखांश ठरवण्याची पद्धत शोधणाऱ्याला 20,000 पौंडांपर्यंतचं इनाम जाहीर केलं. इनाम मात्र काम फत्ते झाल्यावर मिळतं. तोवरचा खर्च आणि उपासमार शोधणाऱ्याची. दुसरी वाट चार्ल्स बॅबेजच्या वाट्याला आली. त्याच्या गणनयंत्रासाठी सरकारने 1823 पासून पैसे द्यायला सुरुवात केली, सुमारे 17,000 पौंड ओतले आणि 1842 साली हात काढून घेतला. यंत्र अपुरंच राहिलं. एकाच माणसाच्या एकाच यंत्रावर एवढी मोठी रक्कम लागली की काम रेंगाळताच दोन्ही बाजूंना कडवटपणा येतो, हे तिथे दिसलं.

रसेल यांच्या प्रस्तावात वेगळं काय होतं? पैसा आधी द्यायचा. थोडाथोडा, अनेकांना द्यायचा. निवड मंत्र्याने न करता त्या विषयातल्या जाणकारांनी करायची. आणि उत्तर काय यावं, याचा हुकूम कोणी द्यायचा नाही. ही चार सूत्रं त्या वेळी कोणी अशी मांडून लिहिली नव्हती, पण व्यवहारात ती होती, आणि पुढच्या पावणेदोनशे वर्षांत या पद्धतीचं जे जे भलं झालं ते या चारांमुळेच.

या निधीतून मदत मिळालेल्यांत जेम्स जूल होता. मँचेस्टरजवळ सॅलफर्डला त्याच्या घरचा बिअर बनवण्याचा कारखाना. कोणत्याही विद्यापीठात तो प्राध्यापक नव्हता. विल्यम थॉमसनबरोबर, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनबरोबर, त्याने 1850 च्या दशकात एक प्रयोग हाती घेतला. दाबाखालचा वायू सच्छिद्र बुचातून पलीकडे जाऊ दिला तर त्याचं तापमान किती बदलतं? प्रश्न शुद्ध सिद्धान्ताचा होता आणि उपकरणं महागडी. बहुतेक वायू किंचित थंड होतात, असं आढळलं. हा ‘किंचित’ पुढे फार मोठा ठरला. 1895 साली कार्ल फॉन लिंडे याने याच परिणामाचा उपयोग करून, थंड झालेल्या हवेने येणारी हवा आणखी थंड करत करत, मोठ्या प्रमाणावर द्रवरूप हवा तयार केली. द्रवरूप हवेतून प्राणवायू वेगळा काढायचा उद्योग तिथून उभा राहिला. 2021 च्या करोना लाटेत महाराष्ट्रातल्या रुग्णालयांच्या दारात ज्या टँकरची वाट बघितली गेली, त्यांतल्या द्रवरूप प्राणवायूचं कूळ असं त्या सच्छिद्र बुचापर्यंत जातं. जूलला अर्ज करताना ‘याचा समाजाला उपयोग काय?’ हा रकाना भरायला लावला असता, तर त्याने काय लिहिलं असतं?

या पद्धतीला विरोधही जाणत्यांकडूनच झाला. उत्क्रांतीच्या सिद्धान्तात डार्विनचा भागीदार असलेला आल्फ्रेड रसेल वॉलेस याने 1870 साली ‘नेचर’ नियतकालिकात सरकारी मदतीविरुद्ध लिहिलं. सगळ्यांच्या करातून आलेला पैसा थोड्यांच्या आवडीच्या कामावर खर्च करणं न्याय्य नाही, असा त्याचा मुद्दा होता. वॉलेस स्वतः गरिबीतून वर आलेला, नमुने विकून पोट भरलेला माणूस. त्याचा आक्षेप मला चुकीचा वाटतो, पण हलका वाटत नाही. कर भरणाऱ्याला त्याचं उत्तर देत राहणं हे अनुदान घेणाऱ्याचं कर्तव्यच आहे. ब्रिटिश सरकारने मात्र उलट दिशा धरली: 1876 पासून दरवर्षी आणखी 4,000 पौंडांचा निधी सुरू झाला, आणि उपकरणांपलीकडे संशोधकाच्या चरितार्थालाही त्यातून पैसे देण्याची सोय झाली.

हिंदुस्थानात काय चाललं होतं? रॉयल सोसायटीच्या अनुदानानंतर पाचच वर्षांनी, 1854 मध्ये, चार्ल्स वुडचा प्रसिद्ध शैक्षणिक खलिता आला. खासगी संस्थांच्या शाळा-महाविद्यालयांना सरकारने तपासणीच्या अटीवर सहायक अनुदान द्यावं, ही पद्धत त्यातून आली. महाराष्ट्रातल्या ‘अनुदानित’ आणि ‘विनाअनुदानित’ संस्थांचा आजचा सगळा पसारा या खलित्यापासून सुरू होतो. म्हणजे एकाच दशकात एकाच साम्राज्याने दोन अनुदानं जन्माला घातली: एक शोधण्यासाठी, दुसरं शिकवण्यासाठी. आपल्याकडे आलं ते दुसरं. 1857 साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ कित्येक दशकं प्रामुख्याने परीक्षा घेणारी संस्था होती, त्यामुळे संशोधनाच्या अनुदानाला उतरायला जागाच नव्हती. शिक्षक म्हणजे शिकवणारा, हिशेब द्यायचा तो विद्यार्थिसंख्येचा आणि पगाराचा, ही आपल्या महाविद्यालयांची घडण तिथे पक्की झाली, आणि तिची किंमत आपण अजून मोजतो आहोत असं माझं ठाम मत आहे.

संशोधनासाठीचा सरकारी निधी इथे आला तो रोगांच्या धास्तीने. 1911 साली ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ स्थापन झाली. तीच 1949 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, झाली. विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञाला पैसा द्यायला आधी पुढे आली ती एक खासगी कंपनी. खनिज तेलासाठी विहीर खणताना वापरायचा चिखल खाऱ्या पाण्याच्या संपर्कात येऊन घट्ट होई. लाहोरच्या शांतिस्वरूप भटनागर यांनी डिंक मिसळून ती अडचण सोडवली. खूश होऊन स्टील ब्रदर्स कंपनीने त्यांना पुढच्या संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले, तेव्हा ते आपल्या नावावर न घेता विद्यापीठाला द्या, असं भटनागरांनी सांगितलं. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारला विज्ञानाची निकड भासली आणि 1942 मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, उभी राहिली. तिची सूत्रं भटनागरांकडेच आली.

त्याच युद्धाने अमेरिकेतही हे कूळ फोफावलं. तिथली विद्यापीठं तोवर रॉकफेलर आणि कार्नेगी यांच्या देणग्यांवर विसंबून होती. सरकारी पैशाबरोबर सरकारी लगाम येईल ही भीती त्यांना होती. 1937 च्या कायद्याने राष्ट्रीय कर्करोग संस्था निघाली आणि तिच्या पहिल्या अनुदानाचा मान हार्वर्डच्या लुई फीझर या रसायनशास्त्रज्ञाला मिळाला. युद्धात रडारपासून पेनिसिलिनपर्यंतची कामं विद्यापीठांकडे करारावर सोपवली गेली. ती सगळी व्यवस्था सांभाळणारे व्हॅनेवर बुश यांना राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नोव्हेंबर 1944 मध्ये विचारलं, की शांततेच्या काळात हे कसं चालू ठेवायचं? उत्तर तयार झालं तेव्हा रूझवेल्ट हयात नव्हते. जुलै 1945 मध्ये बुश यांनी अहवाल ट्रुमन यांच्या हाती दिला: मूलभूत संशोधनाला सरकारने पैसा द्यावा, पण दिशा शास्त्रज्ञांनी ठरवावी.

यावर पाच वर्षं भांडण झालं. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर हार्ली किलगोर यांचं म्हणणं होतं, की पैसा जनतेचा असेल तर तो वाटणाऱ्या नव्या संस्थेचा प्रमुख जनतेने निवडलेल्या राष्ट्राध्यक्षाने नेमावा, आणि निधी थोड्या बड्या विद्यापीठांतच न साचता सगळ्या राज्यांत पोचावा. प्रमुखाच्या नेमणुकीच्या याच मुद्द्यावर ट्रुमन यांनी 1947 चं विधेयक नाकारलं. या संस्थेच्या, म्हणजे नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या, कायद्यावर सही झाली ती 10 मे 1950 रोजी. नेमणुकीचा हक्क राष्ट्राध्यक्षाकडे गेला, निधी सगळीकडे पसरावा ही किलगोर यांची मागणी मात्र जवळपास विरून गेली. मला स्वतःला किलगोर जवळचे वाटतात, कारण हाच प्रश्न आपल्या राज्य विद्यापीठांचा आहे.

एवढ्या अवधीत राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, गाजावाजा न करता खरी बांधणी केली. 1946 मध्ये युद्धकाळातले वैद्यकीय करार तिच्याकडे आले आणि ते निस्तरताना तिने विषयवार अभ्यासगट नेमले: बाहेरचे तज्ज्ञ येतात, अर्ज वाचतात, गुण देतात आणि परत आपल्या प्रयोगशाळेत जातात. अर्जांचं आजचं तज्ज्ञ-परीक्षण या गटांच्या घडणीवर उभं आहे. संस्थेचा अनुदानांवरचा खर्च 1947 मध्ये चाळीस लाख डॉलरच्या थोडा वर होता, तो 1957 पर्यंत दहा कोटींवर गेला. पण या व्यवस्थेची मुळं कायद्यापेक्षा परस्परविश्वासात जास्त आहेत. तो विश्वास किती नाजूक आहे ते 2025 मध्ये दिसलं: ज्या हार्वर्डपासून ही अनुदानं सुरू झाली, त्याचाच दोन अब्ज डॉलरहून अधिक निधी सरकारने रोखला आणि प्रकरण न्यायालयात गेलं.

स्वतंत्र भारताने विद्यापीठांसाठी ब्रिटिश धर्तीवर विद्यापीठ अनुदान आयोग नेमला. 1953 मध्ये त्याचे पहिले अध्यक्ष भटनागरच होते. 1956 मध्ये आयोगाला कायद्याचा आधार मिळाला, आणि मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडलेले चिंतामणराव देशमुख त्याचे अध्यक्ष झाले. आयोगाकडे मागण्यांचा डोंगर होता: इमारती, ग्रंथालयं, वसतिगृहं, पगार. संशोधनाचा मोठा ओघ मात्र राष्ट्रीय प्रयोगशाळांकडे वळला होता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन नेहरूंनी जानेवारी 1950 मध्ये केलं. ती नामांकित झाली, तिचा अभिमान वाटतो. तरीही संशोधन एका आवारात आणि तरुण विद्यार्थी दुसऱ्या आवारात, ही फारकत तिथून रुजली. 2020-21 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशाच्या संशोधनखर्चात उच्च शिक्षण संस्थांचा वाटा नऊ टक्क्यांच्याही आत आहे, आणि तो सगळा खर्चच मुळात सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के.

प्रकल्पवार अनुदानाची रीत 1970 च्या दशकात विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने बसवली, 2008 च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र मंडळ झालं, आणि 2023 च्या कायद्याने त्या मंडळाची जागा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने घेतली. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये हे त्याचं उद्दिष्ट. त्यातला मोठा हिस्सा सरकारबाहेरून यायचा आहे. राज्य विद्यापीठांना पुढे आणणं हे या कायद्यामागचं एक कारण म्हणून सांगितलं गेलं. जून 2025 मध्ये वैज्ञानिक उपकरणांच्या खरेदीचे नियमही सैल झाले: थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली, आणि 200 कोटींपर्यंतच्या जागतिक निविदांना मंजुरी देण्याचा अधिकार कुलगुरूंना आणि संचालकांना मिळाला. पुढचा हप्ता मात्र अजूनही आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र पोचेपर्यंत थांबतो, आणि तेवढे महिने प्रकल्पावरच्या मुलामुलींची शिष्यवृत्तीही.