ललकारीचं जन्मगाव : केरेन

नीरेच्या काठानं, सोमेश्वरनगरपासून पलीकडे फलटणपर्यंत, पलटणीतला जवान निवृत्त होऊन गावी आला की मिरवणूक निघते. उघड्या जीपमध्ये तो उभा, गळ्यात हार, दारोदार ओवाळणाऱ्या बाया. मराठा रेजिमेंटचा असेल तर त्याच्या बरोबरीचे फौजी घसा ताणून ओरडतात, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!’ ऐकणाऱ्याला ही ललकारी रायगडाइतकी जुनी वाटते. पलटणीचा युद्धघोष म्हणून मात्र रेजिमेंटची परंपरा तिचा जन्म सांगते इरिट्रियातला, १९४१चा, इटालियन फौजेसमोरचा.

इरिट्रिया तेव्हा इटलीची वसाहत होती. सुदानमधून घुसलेल्या ब्रिटिश-हिंदी सैन्याला राजधानी अस्मारा गाठायची, तर केरेनजवळची डोंगोलास खिंड ओलांडणं भाग होतं. इटालियनांनी सुरुंगांनी दरडी पाडून ती बुजवली होती. वरचे कडे जनरल कार्निमेओच्या ताब्यात. त्याच्या हाताखाली साव्होयाचे ग्रेनेडियर, डोंगरी लढाईत मुरलेले आल्पिनी आणि तितकेच चिवट इरिट्रियन अस्करी, म्हणजे स्थानिक शिपाई. इटालियन लढतच नाहीत, हा समज केरेननं पार खोटा ठरवला.

चाल करणाऱ्या या सैन्यातल्या आपल्या मराठा पोरांना डोंगर नवे नव्हते. पण हा चढ बोडका. सावली नाही, पाण्याचा थेंब नाही. पखाली आणि दारूगोळा माणसांनीच पाठीवरून वर न्यायचा, आणि वरून लाल रंगाचे छोटे हातबॉम्ब घरंगळत यायचे. १५ मार्चला दुसऱ्या मराठा पलटणीनं ‘फ्लॅट टॉप’ टेकडीवर चाल केली. त्याच रात्री लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड यांच्या तिसऱ्या पलटणीनं ‘पिनॅकल’ सुळका घेतला, आणि त्यामुळेच पहाटे डोलोगोरोडॉकचा किल्ला पडला. मराठी फौजांची जुनी आरोळी ‘हर हर महादेव’. महाराजांच्या नावाचा हा घोष रेजिमेंटनं आपला मानला तो या लढाईत.

मला हे फार मोठं वाटतं. राज्य इंग्रजांचं, युद्ध त्यांचं, हिंदुस्थानला कुणी विचारलंही नव्हतं. तरी मरणाच्या तोंडाशी या माणसांनी नाव घेतलं ते आपल्या राजाचं.

२७ मार्चला केरेन पडलं. ब्रिटिश-हिंदी बाजूचे ५३६ ठार, ३,२२९ जखमी. इटालियनांचे त्याहून कितीतरी अधिक. अग्नी दिलेल्या हिंदी सैनिकांचं तिथं आज स्मारक आहे.

रीड पुढं मेजर जनरल होऊन दहाव्या हिंदी डिव्हिजनसह खुद्द इटलीत उतरले आणि त्यांची जुनी तिसरी पलटणही त्याच डिव्हिजनमध्ये आली. आता समोर जर्मन होते. १० जुलै १९४४ला टायबरच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे एकटेच मशीनगनवर धावून गेले. गोळ्या भरायला उसंत नव्हती, म्हणून बंदुकीच्या दस्त्यानं दोघांना लोळवलं आणि लगेच स्वतः गोळीला बळी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं.