दहावीचे टक्के आणि नंबर ठरतात कसे? शाळेतले २० गुण, लेखीचे ८० गुण आणि ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’चा हिशोब

भंडारा : दहावीचा निकाल लागला की गावागावांत एकच प्रश्न असतो, “किती टक्के पडले?” त्याच्या मागोमाग दुसरा, “शाळेतून कितवा आला?” पण हे टक्के नेमके कशातून तयार होतात, हे अनेक पालकांना निकाल हातात येईपर्यंत माहीत नसते. तोपर्यंत १२० गुणांचा फैसला शाळेतच होऊन गेलेला असतो. त्यामुळे हा हिशोब वर्षाच्या सुरुवातीलाच समजून घेतलेला बरा.

एकूण गुण किती?

भंडारा जिल्ह्यातील सातही तालुके राज्य मंडळाच्या नागपूर विभागात येतात. दहावीला तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे असे सहा विषय, प्रत्येकी १०० गुणांचे. म्हणजे एकूण ६०० गुण. प्रत्येक विषयात ८० गुण लेखी पेपरचे आणि २० गुण शाळेच्या हातातले. गणितात बीजगणित आणि भूमिती, विज्ञानात भाग १ आणि भाग २, तर सामाजिक शास्त्रांत इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल असे ४०-४० गुणांचे दोन पेपर असतात.

शाळेचे २० गुण भाषांना तोंडी परीक्षेतून, विज्ञानाला प्रात्यक्षिकातून, तर गणित आणि सामाजिक शास्त्रांना गृहपाठ व चाचण्यांतून मिळतात. शारीरिक शिक्षण, जलसुरक्षा यांसारख्या विषयांना फक्त श्रेणी असते, ती टक्क्यांत धरत नाहीत.

२० गुणांनी किती फरक पडतो?

समजा, दोन मुलांना गणिताच्या लेखी पेपरात ८० पैकी ५६ गुण पडले. एकाने गृहपाठ वेळेवर दिला, चाचण्या चुकवल्या नाहीत, त्याला शाळेचे १८ मिळाले. दुसऱ्याला ११ मिळाले. पेपर सारखाच, पण एकाचे ७४ झाले, दुसऱ्याचे ६७. एका विषयात सात गुणांचा फरक. असे दोन-तीन विषयांत झाले की शाळेतला नंबर बदलतो आणि अकरावीचे कॉलेजही बदलू शकते.

आपल्या जिल्ह्यात रोवणी आणि धानकापणीच्या दिवसांत मुलांच्या सुट्ट्या पडतात. शेतीचे काम थांबत नाही, हे खरेच. पण त्याच काळात चाचणी किंवा प्रयोग होऊन गेला, तर तो नंतर करून घ्यायला विद्यार्थ्यानेच सरांच्या मागे लागावे लागते.

‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणजे काय?

२०१० पासून दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर, म्हणजे ५०० पैकी काढली जाते. उदाहरण पाहा :

मराठी ८२, हिंदी ७०, इंग्रजी ५८, गणित ६१, विज्ञान ६६, सामाजिक शास्त्रे ७८. एकूण ६०० पैकी ४१५, म्हणजे ६९.१७ टक्के. पण सर्वात कमी असलेले इंग्रजीचे ५८ वगळले की ५०० पैकी ३५७ होतात, म्हणजे ७१.४० टक्के. निकालात हेच टक्के धरले जातात.

मात्र एक विषय सोडून दिला तरी चालतो, असा याचा अर्थ नाही. आधी सहाही विषयांत पास व्हावे लागते. ७५ टक्के व पुढे विशेष प्राविण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय श्रेणी आणि ३५ पासून पास.

खेळ, चित्रकला ग्रेड परीक्षा आणि लोककला यांचे सवलतीचे गुणही नियमानुसार मिळतात. त्यासाठी शाळेमार्फत मुदतीत प्रस्ताव जावा लागतो. प्रमाणपत्र घरच्या पेटीत राहिले तर गुण मिळत नाहीत.

२०१९ आणि २०२१ : दोन निकाल, दोन धडे

२०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे २० गुण बंद करून लेखी पेपर १०० गुणांचा केला होता. राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून थेट ७७.१० टक्क्यांवर आला. नागपूर विभाग राज्यात सर्वात मागे राहिला. त्यानंतर २० गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला.

२०२१ मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. तेव्हा नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असे गुण धरून निकाल लावला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. “नववीचे मार्क कोण विचारते?” म्हणणाऱ्यांना त्या वर्षी उत्तर मिळाले.

मग नंबर कोण काढतो?

मंडळ आता राज्याची किंवा विभागाची गुणवत्ता यादी जाहीर करत नाही. ‘शाळेतून पहिला’, ‘तालुक्यातून पहिली’ हे शाळा आणि बातमीदार निकाल गोळा करून ठरवतात. त्याचा सत्कार होतो, पण प्रवेशात त्याला वेगळे गुण नाहीत.

खरा नंबर लागतो तो प्रवेशाच्या यादीत. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया पूर्ण राज्यात लागू झाली. त्यामुळे तुमसर असो की लाखांदूर, कॉलेजची यादी गुणांवर आणि आरक्षणानुसार लागते. आयटीआयचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. टपाल खात्यातील ग्रामीण डाक सेवकाची निवडही दहावीच्या गुणांवरच होते आणि तिथे टक्के दशांश चिन्हानंतर चार अंकांपर्यंत मोजतात. टक्के कसे धरणार, हे त्या-त्या जाहिरातीत वाचून घ्यावे.

पालकांनी काय पाहावे?

– वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक विषयाचे २० गुण कशाचे, हे वर्गशिक्षकांना विचारा.
– गृहपाठाच्या वह्या आणि प्रयोगवही दिवाळीआधी एकदा तपासा.
– तोंडी किंवा प्रात्यक्षिक परीक्षा आजारपणामुळे चुकली तर लगेच मुख्याध्यापकांना भेटा. लेखी परीक्षेनंतर ‘आउट ऑफ टर्न’ संधी असते.
– निकालावर शंका असेल तर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकन करता येते. पण हे लेखी उत्तरपत्रिकेचे असते. शाळेचे २० गुण वर्ष चालू असतानाच मिळवावे लागतात.
– एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीतून अकरावीला प्रवेश घेता येतो आणि पुरवणी परीक्षा देता येते. गुण कमी वाटले तर श्रेणीसुधारसाठी पुन्हा बसता येते.